नदीचा होकार

"सांभाळून आई, इथं शेवाळ आहे," म्हणत सुनेने सासूबाईंचा डावा दंड धरला. डावा धरला हे बरंच झालं. उजव्या मुठीत दगड होता, आणि आज तो काही केल्या खाली जाणार नव्हता.

दोन्ही बाजूंना उभे कडे आणि तळाशी नदीची हिरवी रेघ. कठड्याशी फोटो काढणाऱ्यांची झुंबड. तिथल्याच फलकावर नावाड्याच्या बायकोची गोष्ट लिहिली होती. नवरा बेपत्ता झाल्यावर ती इथून दगड टाकायची. खालून आवाज आला की माणूस जिवंत. नदीने दगड मुकाट गिळला, की वाट बघणं संपलं.

सासूबाईंचा मुलगा बोटीवर कामाला गेला तो गेलाच. तेव्हापासून दोघी दरवर्षी इथे येत. दगड सासूबाई टाकायच्या आणि ऐकायचं काम सुनेचं. कारण सासूबाईंचे कान असे, की दारावरची घंटा वाजतेय हे शेजारीण येऊन सांगायची. सून म्हणायची, आवाज आला. मग पुन्हा वर्षभर दोघींचं लक्ष दाराकडे.

पण यंदा सून कामाला होती त्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने तिला रीतसर मागणी घातली होती. माणूस सरळ होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सासूबाईंनीच विषय काढला, तर सून म्हणाली, "नदी 'आहे' म्हणते ना, आई? मग मी कशी जाऊ?"

पोटचा मुलगा गेला हे मानायला सासूबाईंना फार जड जात होतं. तरी आपल्या आशेपायी या पोरीच्या आयुष्याची माती होतेय, हे त्यांना आता बघवत नव्हतं. सून खोटं बोलणारी नव्हती. आवाज आला नाही, तर नाही आला असंच सांगेल. रडेल थोडी, पण मोकळी होईल.

"टाकू का गं?"

"टाका." सुनेने नेहमीसारखे डोळे मिटून घेतले.

सासूबाईंनी हात जोरात पुढे झटकला आणि मूठ न उघडता तशीच शालीत ओढून घेतली.

सून तशीच कान देऊन उभी होती. शेवटी सासूबाईंनीच विचारलं, "काय गं? नाही ना आला?"

सुनेने डोळे पुसले. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती मोठ्याने म्हणाली, "आला, आई. दरवर्षी येतो तसाच."