सकाळी सातची वडी

लीअ‍ॅनच्या पत्राला मर्व्हिनने उत्तर दिलं नव्हतं. मार्चमध्ये ते आलं तेव्हा त्याने ते तीनदा वाचलं आणि प्रवाळांवरच्या एका जाड पुस्तकात घालून ठेवलं. लीअ‍ॅन ही त्याच्या बायकोची, नोलीनची, पहिल्या लग्नाची मुलगी. ती दूर टूवुम्बाला राहायची. पत्र छोटंच होतं. ‘आईच्याने आता हे निभत नाही. फोनवर ती काही बोलत नाही, पण मला कळतं. डॉक्टरांना दाखवायचं पुढे ढकलू नका. वेळ आली तर मी येईन आणि घेऊन जाईन.’

चाळीस वर्षं ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या वाचनालयात काढलेल्या माणसाला दोन ओळी लिहिता येऊ नयेत, याची त्याला लाज वाटायची. पण नोलीनला घरातून पाठवायचं, हे काही कागदावर उतरत नव्हतं.

आता ऑगस्ट लागला होता. बैठकीच्या खोलीतल्या माशांच्या काचेच्या टाकीत खडकांवर हिरवं शेवाळ केसांसारखं माजलं होतं. मर्व्हिन एकेक खडक बाहेर काढायचा, टाकीतल्याच खाऱ्या पाण्याच्या बादलीत बुडवून दात घासायच्या ब्रशने घासायचा. आठ दिवसांत पुन्हा तेच. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडून झाल्या. दिवे सहा तासांवर आणून झाले. बावीस वर्षांपूर्वी बोटभर कोंब म्हणून आणलेलं प्रवाळ आता कलिंगडाएवढं झालं होतं. शेवाळ त्याच्या एका अंगावर चढलं होतं, आणि तिथे नुसता पांढरा सांगाडा उरला होता.

मर्व्हिनचा मित्र क्लाइव्ह टाकी बघायला आला. शहरातल्या निम्म्या टाक्यांची दुखणी त्याला तोंडपाठ होती.

“फॉस्फेट शून्य येतंय,” मर्व्हिन म्हणाला. “तीनदा तपासलं.”

“येणारच. तुझ्या तपासायच्या नळीत यायच्या आधी शेवाळच ते खाऊन टाकतंय. घासून काय होणार, म्हाताऱ्या? त्याला जेवायला मिळतंय तोवर ते हलायचं नाही. तू माशांना घालतोस किती?”

“एकच वडी. सकाळी सात वाजता. तीस वर्षं.”

वडी म्हणजे गोठवलेल्या बारीक कोळंबीचा चौकोनी तुकडा. क्लाइव्हने काचेला नाक लावलं.

“एका वडीवर? हे तर लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखे दिसतायत.” मग तो स्वयंपाकघराकडे वळून म्हणाला, “काय गं नोलीन?”

नोलीन कप पुसत होती. तिने मान वर केली नाही. “मला त्यातलं काय कळतंय,” ती म्हणाली.

जाताना क्लाइव्ह फाटकाशी तिच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलत उभा राहिला. मर्व्हिनने खिडकीतून पाहिलं. म्हणजे त्याच्याही लक्षात आलं तर.

त्याने फ्रीजरमधला ट्रे काढला. शनिवारी तीस वड्यांचा नवा ट्रे आणला होता. आज बुधवार होता आणि अकरा उरल्या होत्या. मग त्याची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. तारखांच्या चौकटींत पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. मंगळवारच्या चौकटीत पाच.

“आज माशांना घातलंस?” त्याने विचारलं.

“मी नाही घातलं, मर्व्ह.”

“मग या रेघा कसल्या?”

“माझ्यासाठीच आहेत. नोंद राहावी म्हणून.”

नोंद करूनही तिला कळत नव्हतं, म्हणजे कठीणच होतं. त्याने ट्रे परत फ्रीजरमध्ये ठेवला. भांडायची त्याला कधी सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ट्रे जागेवर नव्हता. शोधता शोधता तो मटाराच्या पिशव्यांखाली सापडला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मर्व्हिन तो हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

“लपवायला लागलीस?”

“हो.”

“का?”

“ते प्रवाळ जगावं म्हणून.”

“तूच मारते आहेस ते, नोलीन.”

इतकं लागेल असं तो तिला आजवर कधी बोलला नव्हता. पण नोलीनचा चेहरा जराही हलला नाही. रोजचाच पाढा ऐकावा तसं तिने ते ऐकून घेतलं.

“टोस्ट गार होतोय,” ती म्हणाली.

तो टेबलाशी बसला आणि कागद पुढे ओढला. मार्चपासून अडलेलं पत्र दहा मिनिटांत लिहून झालं.

‘प्रिय लीअ‍ॅन, उत्तराला इतका उशीर झाला, माफ कर. तुझी आई दिवसातून चार-पाच वेळा माशांना घालते आणि घातलेलं विसरते. विचारलं तर नाही म्हणते. मी फार दिवस हे झाकून ठेवलं. आता माझ्याने होत नाही. ये आणि तिला घेऊन जा.’

पाकीट बंद करताना आपण भित्रे आहोत असं त्याला वाटलं, आणि मग हलकंही वाटलं. पाकीट खिशात घालून तो दाराकडे निघाला. नोलीन टोपी घेऊन तिथे आधीच उभी होती.

“ऊन आहे,” ती म्हणाली. “पोस्टातून सरळ घरी ये. वाटेत बसू नकोस.”

पोस्टाचं त्याने नावही काढलं नव्हतं. पत्र लिहिताना तिने मागून वाचलं असणार. त्याला तिच्याकडे बघवेना.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीमागे नेहमीची कारकून, थुई, होती. मर्व्हिनने पाकीट सरकवलं आणि उगाचच खुलासा केला, “पाच महिने उत्तर राहिलं होतं. आज एकदाचं धाडतोय.”

थुईने पत्ता वाचला. पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पिशवीत टाकलं. मग खिडकीशी वाकून, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, “मर्व्हिन, लीअ‍ॅनला या आठवड्यातलं हे तुमचं चौथं पत्र.”