टाळी

नाट्यगृहाच्या दारावर ‘हाऊसफुल्ल’ची पाटी होती. बाळ झाल्यापासून, आठ महिन्यांनी, मृण्मयी आज पहिल्यांदाच माणसांत बसून हसायला आली होती. एका विनोदावर शेजारच्या बाई खळखळून हसल्या, तशी तिने टाळीसाठी हात पुढे केला. तो त्यांच्या तळव्यातून आरपार गेला. बाई घरीच होत्या. खुर्चीत नुसता त्यांचा घरून पाठवलेला प्रकाश बसला होता. बाकीच्या सगळ्याच खुर्च्यांत तसंच.

मध्यंतरात कँटीनवाल्या काकांनी एकच बटाटेवडा तळला.

मघाचा विनोदवीर चहा घेऊन तिच्यापाशी आला. “ताई, हसताना खुर्ची तुमचीच करकरली ना?”

“हो. सॉरी हं.”

“सॉरी कसलं? किती महिन्यांनी ही करकर ऐकली!” त्याने हात पुढे केला.

तिने भीत भीत टाळी दिली. ती वाजली, आणि हात मागे घ्यायचं दोघंही विसरले.