रानाच्या दोन वह्या

रान चालू राहिलं तर राखणदाराला काय मिळणार होतं, ते बोटांवर मोजण्यासारखं होतं: फाटकाजवळच्या दोन खोल्या, आवारातला नळ, निवृत्तीपर्यंतची चार वर्षं, आणि बायकोच्या गुडघ्यांपुढे एकही जिना नाही. रान बंद झालं तर यातलं काहीच नाही.

रान विद्यापीठाचं. मधे तळं, भोवती झाडी, फाटकाशी टेबल आणि टेबलावर दोन वह्या. पहिली पक्ष्यांची. ती राखणदार रोज सकाळी तळ्याला फेरी मारून भरायचा. दुसरी माणसांची, ती येणाऱ्यांनी भरायची. पण येणारे होते कुठे? कधी दोघं, कधी तिघं, त्यातला एक पत्ता चुकलेला.

दहा वर्षांपूर्वी विद्यापीठाचं पत्र आलं होतं. रान लोकशिक्षणासाठी आहे, रोज तीस तरी लोक फिरकले नाहीत तर बंद करू. बायकोने पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, "तीसच ना? आणू."

आणि तिने आणले. निळं पेन, काळं पेन, पेन्सिल. कधी उजवा हात, कधी डावा. तिचे वारलेले मामा महिन्यातून दोनदा सहकुटुंब यायचे. शेरेही तीच लिहायची. 'मन प्रसन्न झालं.' 'बाकडी वाढवा.' एकदा तर 'राखणदार उद्धट आहे' असं लिहून मोकळी झाली.

"हे गं कशाला?"

"सगळेच गोड बोलले तर संशय येतो. आणि एवढ्या माणसांत एखाद्याला तरी तुम्ही कळायलाच हवेत."

विद्यापीठाला दरवर्षी वाढ लागते. तिसाचे चाळीस झाले, चाळिसाचे साठ, आणि आता नव्वद.

"पक्षीही जरा फुगवू का?" तिने एकदा विचारलं. राखणदार भरल्या ताटावरून उठायला निघाला.

"त्या वहीला हात लावायचा नाही. माणसं खोटी चालतील. पक्षी खरेच हवेत."

आणि ते खरेच होते. बगळे, पाणकोंबड्या, खंड्या, पाणकावळे. मोजून, पुन्हा मोजून. आकडा वर्षानुवर्षं दोनशेच्या आसपास.

प्राणिशास्त्राच्या बाई तळ्यावर काम करायच्या. उजाडता यायच्या, फाटक उघडायच्या आत परत जायच्या. "एवढी माणसं येतात, पण कागदाचा कपटा दिसत नाही," त्या म्हणायच्या. "दादा, कमाल आहे तुमची."

दादा मान खाली घालायचे. लोकांना तो विनय वाटे.

एके सकाळी बाई टेबलाशी थांबल्या. "दादा, दोन्ही वह्या द्या. दहा वर्षांच्या. माणसं आणि पक्षी शेजारी शेजारी मांडून विद्यापीठाला दाखवायचेत. रानाच्या जिवावर बेतलंय."

"माणसांचीही वही?"

"तिच्यावरच तर सगळं आहे."

वह्या गेल्या आणि राखणदाराची झोप गेली. आता मामा सहकुटुंब पकडले जाणार! रोज तो ठरवायचा, आज बाईंना सगळं सांगून टाकू. रोज बायको भिंतीला धरून उठायची, आणि तो गप्प बसायचा.

तीन आठवड्यांनी बाई आल्या. बाकावर बसल्या. वह्यांचा गठ्ठा त्यांनी टेबलावर ठेवला.

"काही चूक निघाली का, बाई?" राखणदाराने विचारलं.

"एकही नाही. तपासणाऱ्यांनी तर तुमची वाहवा केली. दोन्ही वह्या जशाच्या तशा मान्य."

आत बायकोच्या हातून चहात साखर जास्त पडली. जिवात जीव आल्यावर हात सैल सुटतो.

बाईंनी कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"विद्यापीठाला तळ्याकाठी वसतिगृह बांधायचंय, दादा. बाराशे मुलांचं. मी भांडले. म्हटलं, माणसं वाढली की पक्षी उठून जातात, वह्याच मांडून दाखवते. मांडल्या. माणसं तिप्पट झालीत, आणि पक्षी जागचा हललेला नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "त्यांनी माझाच तक्ता माझ्यापुढे धरला. माणसांचा पक्ष्यांना काही त्रास नाही, हे सिद्ध झालं म्हणाले. काल सह्या झाल्या. सोमवारी खोदाई. सुरुवात तुमच्या खोल्यांपासून."

 राखणदाराने गठ्ठ्यातली पक्ष्यांची वही ओढली. सकाळची फेरी झाली होती, आकडा लिहायचा राहिला होता.

"किती आज?" बायकोने आतून विचारलं, रोज विचारायची तसंच.

"दोनशे चौदा," तो म्हणाला, आणि तेवढेच लिहिले.