चेहऱ्याचा फोटो

डॉक्टरीणबाई बोलायच्या थांबल्या, तेव्हाच सासूबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावरून नजर काढून घेतली.

आत्तापर्यंत सगळं कसं मजेत चाललं होतं. पडद्यावर हातापायाची बोटं पाहून झाली, ठोके ऐकून झाले. मुलगा खुर्चीच्या कडेवर बसून "नाक माझं नको हां, आईचं चालेल" असली बडबड करत होता. सून पोटावर थंडगार जेल घेऊन पडल्या पडल्या हसत होती. तिचं सकाळपासून एकच टुमणं. बाळाच्या चेहऱ्याचा फोटो हवा, कोणावर गेलंय ते बघायचंय. "माझे लहानपणीचे ढीगभर फोटो आहेत हो डॉक्टर. ह्यांचा मात्र तान्हेपणीचा एकही नाही. पेटीत पाणी शिरलं म्हणे."

सासूबाई त्यावर नेहमीसारख्याच पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या होत्या.

आता पडद्यावर चेहरा होता आणि डॉक्टरीणबाई पुन्हा पुन्हा तिथेच बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "घाबरू नका. बाळाची वाढ चांगली आहे. हृदय, डोकं, पाठ, सगळं ठीक दिसतंय. फक्त वरचा ओठ एका बाजूला जुळलेला नाही. तोंडातली टाळू कशी आहे ते यात नीट कळत नाही, ते जन्मानंतर बघू. ओठ ऑपरेशनने छान जुळतो. घरात कोणाला होतं का असं?"

"छे, कोणालाच नाही," मुलगा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंची नजर त्याच्या मिशीवर थांबली. मिशीत एक बारीक रेघ होती, तिथे केस उगवत नव्हते.

"आणि हे टाके कसले?"

"हे होय? मी रांगताना पत्र्याच्या डब्यावर आपटलो. तेव्हापासून डबा दिसला की तोंड घालतो." हा त्याचा ठेवणीतला विनोद. एरवी हमखास हशा पिकायचा. आज त्याला स्वतःलाही हसू आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसल्या.

त्या रफूचं काम करायच्या आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोट कुठे फाटला होता ते तो घालणाऱ्या मालकालाही सापडू नये, अशी सफाई. तो पत्र्याचा डबाही त्यांचंच काम. मूल पहिल्यांदा हातात दिलं, तेव्हा त्यांनी दुपट्याने आधी त्याचं तोंड झाकलं होतं. ऑपरेशन होईपर्यंत त्या माहेरीच राहिल्या. कोणी बघायला आलं की बाळ झोपलेलं असायचं. एवढं कसं झोपतं हो तुमचं बाळ, म्हणून लोक हसायचे. सासरी परतल्या त्या टाके घातलेलं बाळ आणि डब्याची गोष्ट घेऊनच. खरं माहीत असलेली दोन माणसं, त्यांची आई आणि नवरा, आता राहिली नव्हती. पेटीत पाणीबिणी काही शिरलं नव्हतं. फोटो काढलेच नव्हते. पुढे मुलगाच ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगायला लागला, आणि मग ती मोडायचा धीर झाला नाही.

"माझंच चुकलं," सून एकदम रडायलाच लागली. "सुरुवातीला दिलेल्या त्या गोळ्या मला उलटून पडायच्या, मी काही दिवस घेतल्याच नाहीत. माझ्यामुळे झालं, आई. मला माफ करा."

डॉक्टरीणबाई "अहो, तुमची काही चूक नाही" म्हणत होत्या, पण तिला ते ऐकूच येत नव्हतं. ती सासूबाईंचा हात घट्ट धरून होती.

सासूबाई शरमेने अर्ध्या झाल्या. ही पोर त्यांची माफी मागत होती! गप्प बसणं सोपं होतं. गोष्ट इतकी वर्षं टिकली, आणखीही टिकली असती.

"डबा नव्हता," त्या म्हणाल्या. "हा असाच जन्मला होता."

मुलाचा हात मिशीकडे गेला. "म्हणजे? मी पडलोच नव्हतो?"

"नाही रे. मला लाज वाटली, म्हणून लपवलं."

"लाज? माझी?"

यावर काहीतरी मलम लावता आलं असतं. सासूबाईंनी मान खाली घातली. "हो," त्या म्हणाल्या.

मुलगा भिंतीकडे बघत होता. सुनेने डोळे पुसले आणि म्हणाली, "डॉक्टर, फोटो द्यायचा राहिला की."

"चेहऱ्याचा?" डॉक्टरीणबाई जरा घुटमळल्या. "पाऊल छान आलंय. ते देऊ?"

"चेहऱ्याचाच द्या."

गुळगुळीत कागद सरसरत बाहेर आला. सुनेने तो नवऱ्याच्या तोंडाशेजारी धरून पाहिला, पण मिशीमुळे काही जमेना. मग तिने तो सासूबाईंपुढे केला. "तुम्हीच सांगा आई. तेव्हाचं तोंड पाहिलेल्या तुम्ही एकट्याच. कोणावर गेलंय?"

सासूबाईंनी कागद हातात घेतला. अंगठा नेमका ओठावरच पडला होता. तो त्यांनी बाजूला घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"बापावर," त्या म्हणाल्या. "अगदी असाच होता गं."

मुलगा खुर्चीवरून उठला. त्यांच्याजवळ येऊन त्याने हात पुढे केला.

"दे ना आई," तो म्हणाला. "मला बघू दे मी कसा होतो ते."