डोळ्यामागची कळ

"डोळा हलवला की आत कळ येते, एवढंच," बाई म्हणाली. "त्यासाठी काम सोडा म्हणणार असाल, तर ही मी उठले."

तरुण डॉक्टर गडबडला. कोपऱ्यात बसलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे त्याने चोरून पाहिलं. त्या ढिम्म.

"काम काय करता?"

"कापडाच्या कारखान्यात रंग जुळवते. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एक तागा बाहेर पडत नाही."

त्याने बाटलीचं एक लाल टोपण पुढे धरलं. आधी एक डोळा झाकून बघायला सांगितलं, मग दुसरा.

"डाव्याने फिकं दिसतंय. धुऊन धुऊन विटल्यासारखं. मग? लाल जरा उतरलं म्हणून माणसाला घरी बसवायचं?"

"बाई, दृष्टीच्या नसेला सूज असावी. क्षयाची औषधं चालू आहेत? कधी भेसळीची दारू वगैरे..."

"दारू? तोंड सांभाळून बोला!"

"विचारावं लागतं," तो कसनुसं हसला. "कधी एखाद्या तापानंतर अशी सूज येते. कधी रोगाशी लढणारी आपली शक्तीच वाट चुकते आणि आपल्याच नसेवर उठते. हातापायांना मुंग्या येतात?"

बाईने नकळत हाताची बोटं चोळली. मग तिला राग आला, अगदी खराखुरा. घरच्यानेच उलटावं आणि आपण मुकाट्याने सोसावं, हे तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

"येतात. येऊ देत. एका डोळ्यावर करीन, पण काम करीन!"

"करा की! पण आधी मेंदूचा एमआरआय करून घ्या. वेळेत कारण कळलं तर पुढचं बरंच टाळता येतं."

घंटा वाजली. तरुण डॉक्टर कपाळाचा घाम पुसत बाहेर गेला.

"पास केला त्याला," मोठ्या डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या. "आणि तुम्ही तर कमालच केलीत. दर परीक्षेला तुम्ही आमच्यासाठी रुग्णाचं सोंग घेता, पण आजच्यासारखं काम पाहिलं नव्हतं. रंगभूमीवर उगाच नाव नाही झालं तुमचं! फक्त एक घोटाळा झाला. आपलं उजवा डोळा ठरलं होतं. तुम्ही डावा का सांगितलात?"

बाईने मान ताठ केली.

"उजवा कसा सांगू? उजवा चांगला आहे."