दुसऱ्याच्या हाताने

“गरम आहे गं.”

“कोमट आहे.” टबातला हात न काढताच तिने सांगितलं. “सोडा पाय.”

“चटका बसतोय.”

“तो तुमच्या आजाराचा चटका आहे, पाण्याचा नाही. डॉक्टर काय म्हणाले होते?”

नवऱ्याने तोंड वाकडं करत एक पाय बुडवला, मग दुसरा. डॉक्टरांचं म्हणणं त्यालाही पाठ होतं. साखरेच्या आजारात पायांच्या नसा बिघडतात. कधी मुंग्या येतात, कधी आग होते, कधी काहीच कळत नाही. अशा पायांच्या सांगण्यावर विसंबायचं नाही. पाणी नेहमी दुसऱ्याच्या हाताने बघायचं.

घरात दुसरा हात एकच होता.

त्याची तक्रार मनावर घ्यायची तिची सवयही मोडली होती. त्याने उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासली. चुका काढायचा पगार मिळत होता तोवर ठीक. निवृत्त झाल्यावर तेच काम तो घरात फुकट करू लागला. चहा पांचट, उशी उंच, पंखा हळू. पस्तीस वर्षांच्या संसारात आंघोळीचं पाणी त्याला एकदाही मनासारखं मिळालं नव्हतं.

ती एका शिंप्याची काज-बटणं घरी बसून करायची. सकाळी स्वयंपाक, मग त्याच्या गोळ्या, मग पायांना तेल, मग पाणी, आणि मग कपड्यांचा गठ्ठा. हल्ली गठ्ठा हलता हलत नसे. सुई निसटायची, बटण बोटांतून घरंगळायचं. “वहिनी, चष्मा बदला,” शिंपी म्हणाला. तिने बदलला. फरक शून्य. दमलेल्या माणसाला कुठला नंबर लागणार?

तेल वैद्यबाईंचं. बाई रोखठोक. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, “हे फक्त बाहेरून लावायचं. डॉक्टरांची एकही गोळी बंद करायची नाही. ही बाटली त्यांना दाखवा आणि त्यांची चिठ्ठी मला. आम्हा दोघांपासून काही लपवलंत तर तिसऱ्याकडे जा. तेलानंतर दहा मिनिटं पाणी. कोमट म्हणजे कोमट.”

डॉक्टरांनी बाटलीवरचं सगळं वाचून मान हलवली. “चालेल. जखम झाली तर लगेच थांबवा. आणि पोटात घ्यायचं काही दिलं, तर आधी मला विचारा.”

दोघांचं जमलेलं बघून तिला हायसं वाटलं होतं. पण तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याचे तळवे लाल दिसू लागले. मग अंगठ्याला फोड आला, आणि फुटला.

तेल बंद झालं, पाणी बंद झालं. जखम भरायला महिना गेला. मग पायांची आग थोडी शमावी म्हणून, डॉक्टरांना विचारून, नुसतं पाणी पुन्हा सुरू केलं. दहाव्या दिवशी शेजारच्या बोटाला फोड.

“म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी दिली आपण,” तेलाच्या बाटलीकडे बघत ती म्हणाली.

डॉक्टरांना विनोद सुचत नव्हता. “एकदा भरलं, दरवेळी भरेलच असं नाही. हे चिघळलं तर बोट काढावं लागेल.”

त्यानंतर वैद्यबाईंनीच डॉक्टरांना फोन केला. औषधं दोघांनीही तपासली होती. आता घरी नेमकं काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघा, असं त्या म्हणाल्या.

दवाखान्यात जाताना नवरा तिच्या खांद्याला धरून टाचेवर चालत होता. अर्ध्या वाटेत ती थांबली.

“अहो, खरं सांगा. माझं काही चुकतंय का?”

“तुझं?” तो धाप टाकत हसला. “चूक असती तर मला सापडली नसती?”

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक. तिला रडू आलं, पण रस्त्यात कुठे रडणार? ती चालू लागली.

ड्रेसिंगच्या खोलीत सिस्टरने टब मांडला, एक बादली कढत पाण्याची, एक गार. नवरा बँडेजचा पाय स्टुलावर ठेवून बसला.

“घरी करता तसंच करा,” डॉक्टर म्हणाले. “पाय बुडवायचे नाहीत आज. नुसतं पाणी तयार करून दाखवा.”

तिने पदर खोचला. गरम ओतलं, गार ओतलं, हात मनगटापर्यंत घालून ढवळलं. थांबली. पटलं नाही. आणखी दोन तांबे गरम ओतून पुन्हा हात घातला.

“मी कधी घाई करत नाही, डॉक्टर. असा हात ठेवते, वीस आकडे मोजते, मगच यांना सांगते.” तिने ओठांतल्या ओठांत वीस मोजले. “हं. झालं कोमट.”

सिस्टरने बोट बुडवलं आणि “आई गं!” म्हणून झटक्यात मागे घेतलं.

नवरा खुर्चीतून अर्धा उठला. तिचा हात अजून पाण्यातच होता. ती डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती. शाबासकीसाठी नव्हे, आता तरी दोष माझा नाही म्हणा, एवढ्यासाठी.

डॉक्टरांनी खाली वाकून तिचं मनगट धरलं, हात बाहेर काढला आणि गार पाण्याच्या बादलीत सोडला. हात लालबुंद झाला होता.

“सिस्टर, नवा केसपेपर घ्या,” ते म्हणाले. “हं, वय?”

“एकसष्ट,” ती सवयीने सांगू लागली. “साखरेची गोळी सकाळ-संध्याकाळ, रक्तदाबाची एक...”

“त्यांचं नाही, बाई,” डॉक्टर म्हणाले. “तुमचं.”