उजवा कोपरा

तंजावूरच्या घरासमोर रोज पहाटे सडा शिंपून विशालाक्षी तांदळाच्या पिठाची रांगोळी, कोलम, घालायची. महिनाभर उजव्या कोपऱ्यातली पिठाची रेघ फिसकटत होती. “आईचा हात थरथरायला लागला,” मुलगा रघुराम म्हणाला. तिलाही ते पटलं. घरोघरी मोठमोठी कोलमं घालायचा थंडीतला मार्गळी महिना तोंडावर आला, तेव्हा तिनं पिठाचा डबा सुनेला, हरिताला दिला. दुसऱ्या दिवशी हरिता सडा घालायलाच विसरली. कोरड्या फरशीवर कोलम घातलं, तरी तोच कोपरा फिसकटला. तिनं तिथे तळवा टेकवला. “अहो आई, सड्याशिवाय ओल कुठून आली?” सगळे नळ बंद केले, तरी दुपारपर्यंत टाकीतलं पाणी चार बोटं उतरलं. प्लंबरनं फरशी उचलली, खालच्या पाइपचं सुईएवढं भोक बुजवलं. विशालाक्षीनं डबा परत घेतला. “उद्या एकवीस ठिपक्यांचं घालते. रघुरामला उठव, माझा हात बघू दे.”